१० ते २० मे, चौघं जण, पहिलाच हिमालय: कोणता ट्रेक धरावा?

धुऱ्यावरचा (आर्णी तालुका, जि. यवतमाळ)

राम राम मंडळी. आम्ही चौघं, वय २६ ते ४१, चौघंही शेतीवाले. मार्चात गहू-हरभरा निघाला का मृगापर्यंत थोडी उसंत असते. १० मेले संध्याकाळी नागपूरहून निघाचं अन् २० मेले परत याचं. त्याच्या पुढं एक दिवस बी सरकत नाई, कारन आल्याबरोबर बियाणं, खत अन् वखरणी. पाठीवर सॅक घेऊन बर्फाच्या डोंगरातला तीन-चार दिवसांचा ट्रेक कराचा हाये. यादीत केदारकांठा, हमटा पास, देवरियाताल-चंद्रशिला, हर की दून अन् ब्यास कुंड एवढे हायेत. आजवर चिखलदरा, नरनाळा अन् एकदा कळसूबाई. चालाची भीती नाई, फवारणीचा पंप घेऊन दिवसभर चालतोच. कोनता धरावा अन् काहून, थे सांगजा. फोटो पाहून तर सगळेच बरे वाटते.

बुग्याली

भाऊ, ट्रेकचं नाव शेवटी ठरवायचं. आधी दोन आकडे काढा: डोंगरात प्रत्यक्ष किती दिवस मिळतात, आणि रोज रात्री किती उंचीवर झोपणार.

पहिला आकडा. १० च्या संध्याकाळी नागपूर सोडलं की ११ ला दुपारपर्यंत दिल्ली. रात्रीच्या बसने १२ च्या पहाटे डेहराडून. तिथून सांकरी, म्हणजे केदारकांठा आणि हर की दून जिथून सुरू होतात ते गाव, साधारण २०० किलोमीटर, पण घाटातले, म्हणजे पूर्ण दिवस. १२ ची रात्र सांकरीत. परतीला १८ ला सांकरी ते डेहराडून, रात्री दिल्लीची बस, १९ ला गाडी, २० ला नागपूर. उरले १३ ते १७, पाच दिवस. त्यातला एक दिवस राखीव ठेवायचाच: दरड, पाऊस, कोणाचं डोकं दुखणं, गाडी न मिळणं. म्हणजे चालायचे दिवस चार. पाच दिवसांचा ट्रेक पाच दिवसांत बसवला की राखीव दिवस मोडीत निघतो आणि मग लोक आजारी माणसाला पुढे रेटतात, कारण तिकीट निघालेलं असतं.

दुसरा आकडा. २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो. ३,००० च्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, हा सगळीकडे पाळला जाणारा दंडक. दिवसा कितीही वर जा, झोपायला खाली या. तुमचं नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर. कळसूबाई १,६४६. सांकरी गावच १,९५० वर आहे. तुमचा ट्रेक सुरू होतो तिथे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर खाली राहिलेलं असतं.

आता यादीला कात्री लावतो.

हमटा पास ४,२७० मीटर. मे महिन्यात खिंडीत बर्फ भरलेलं असतं. साधारण जूनच्या मध्यानंतर वाट मोकळी होते. तेव्हा तुमची पेरणी. बाद.

केदारकांठा ३,८१०. याचा खरा हंगाम डिसेंबर ते मार्च, बर्फासाठी. मे मध्ये माथ्याजवळ बर्फाचे पट्टे उरतात, खाली चिखल. बर्फ पाहायचं म्हणून जाल तर हिरमोड. झोपायच्या उंच्या: सांकरी १,९५०, जुडा का तालाब २,७७० च्या आसपास, मग बेस कॅम्प ३,४०० च्या जवळ. दुसऱ्या रात्रीची उडी ६०० च्या वर. बहुतेकांना जमते, पण पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी माझी पसंती नाही.

हर की दून ३,५६६. ही दरी आहे, शिखर नाही. नदीच्या काठाने हळूहळू चढत जाते आणि समोर स्वर्गारोहिणी. १३ ला जीपने तालुका, तिथून चालत ओसला, साधारण १४ किलोमीटर, झोप २,५५० च्या आसपास. १४ ला कलकत्तीधार, झोप ३,००० च्या आसपास. १५ ला हर की दून बघून थेट खाली ओसला. हा दिवस मोठा, सतरा-अठरा किलोमीटर, पहाटे पाचला निघायचं. १६ ला तालुका आणि सांकरी. १७ राखीव. सगळ्यात उंच झोप ३,०००. माझं मत यालाच.

पाटणबोरीकर

हे सगळं ठीक, पण शिखर म्हणजे शिखर. इतक्या दूर जाऊन दरीत फिरायचं? केदारकांठ्याच्या माथ्यावरून चहूबाजूंनी बर्फाचे डोंगर दिसतात, ते हर की दूनला दिसत नाहीत. चार दिवसांत आरामात होतो. एक रात्र सांकरीत जास्त काढली की उंचीचा प्रश्नही मिटतो.

बुग्याली

चहूबाजूंनी दिसतं ते खरं. पण सांकरीतली जादा रात्र १,९५० वर. तिचा उपयोग थोडा. शरीराला सवय लागते ती २,५०० ते ३,००० मधल्या रात्रीत. जादा रात्र द्यायचीच तर जुडा का तालाबला द्या, मग ३,४०० ला जा. पाच दिवस लागतील, राखीव संपला. शिखर हवंच असेल तर फेब्रुवारीत जा. मे मध्ये हर की दूनच्या वाटेला फुलं, पाणी, गावं सगळं आहे.

गाविलगड

ब्यास कुंडाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. दिवस कमी असणाऱ्यांसाठी हा सोयीचा, कारण दिल्ली-मनाली एकच रात्रीची बस, ५४० किलोमीटरच्या आसपास. मनालीहून सोलंग आणि पुढे धुंदीपर्यंत गाडी जाते. अटल बोगद्याचं दक्षिण तोंड तिथून जवळच, बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून रस्ता चांगला. धुंदी २,८०० च्या वर, बकरथाच ३,३०० च्या आसपास, कुंड ३,६०० च्या वर. चालणं दोन-तीन दिवसांचं.

अडचण तीच, झोपेची. मनाली २,०५० वर. लोक सकाळी बसमधून उतरतात, नाश्ता करतात आणि त्याच रात्री बकरथाचला झोपतात. बाराशे मीटरची उडी, तीही रात्रभर बसमध्ये न झोपता. डोकं धरून बसणारे त्यातलेच. पहिली रात्र मनाली, दुसरी धुंदी किंवा सोलंग, तिसरी बकरथाच असं केलं तरच. दुसरं म्हणजे १० ते २० मे मध्ये कुंडाच्या अलीकडच्या मोरेनवर, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांवर, बर्फ असू शकतं. तिथे दोन दगडांमधली पोकळी बर्फाने झाकलेली असते, पाय मांडीपर्यंत जातो. काठीने टोचून मगच पाय टाकायचा. पहिल्या ट्रेकला हे नको.

मोटनाडा

देवरियाताल-चंद्रशिला मे मध्ये टाळा, एवढंच सांगतो. ट्रेक वाईट नाही, सोपा आहे: सारी गावापासून ताल तीन किलोमीटरच्या आत, चोपता ते तुंगनाथ साडेतीन-चार किलोमीटर फरसबंदी वाट, तुंगनाथ ३,६८० मीटर, वर चंद्रशिला ४,००० च्या आसपास. पण तुंगनाथ पंचकेदारातला, मे मध्ये दार उघडलेलं, आणि हरिद्वार-ऋषिकेश-रुद्रप्रयाग हा रस्ता चारधामच्या गाड्यांनी भरलेला. भाड्याच्या जीपा यात्रेत गुंतलेल्या असतात, दर वाढलेले. शिवाय देवरियाताल ते चोपता जंगलवाटेत पाण्याचा भरवसा नाही, तीन लिटर भरून निघावं लागतं.

सांकरीची वाट याच्यातून बऱ्यापैकी सुटते, पण पूर्ण नाही. डेहराडून-मसुरी-नैनबाग-डामटा-नौगाव हा तुकडा यमुनोत्रीवाल्यांचाही. नौगावच्या पुढे ते बडकोटकडे जातात, तुम्ही पुरोला-मोरीकडे वळता, तिथून रस्ता मोकळा. मसुरीत मे महिन्याच्या शनिवार-रविवारी तास-दोन तास सहज अडकता. तुमचा १२ तारखेचा वार आधी पाहून घ्या. मसुरी चुकवायची तर विकासनगरवरून यमुना पुलाला येणारा खालचा रस्ता आहे. बस मात्र सकाळीच असते, डेहराडून स्टेशनाजवळच्या मसुरी स्टँडवरून. आठ वाजता डोळे चोळत पोचाल तर त्या दिवशी सांकरी विसरा.

धुऱ्यावरचा

हाव, आता चित्र दिसून राह्यलं. हर की दून जवळपास नक्की. पन एक गोष्ट पटत नाई. आम्ही रोज मातीत राबणारे, शहरातल्या एसीतल्या पोरांपेक्षा तर दम जास्तच असन. उंचीचं एवढं काहून भेव दाखवता?

आठ_नंबरची_सुई

नर्स म्हणून सांगते, भाऊ. दम आणि उंचीची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तुमच्या वावरात एका श्वासात जेवढा प्राणवायू येतो त्याचा साधारण दोन तृतीयांश तिथे येतो. शरीर त्यावर उपाय करतं: श्वास वाढवतं, रक्तातला आम्ल-क्षाराचा तोल मूत्रपिंडं हळूहळू नीट करतात. याला दिवस लागतात आणि पायाच्या ताकदीचा त्याच्याशी संबंध नाही. उलट काटक माणूस जास्त फसतो, कारण तो भराभर चढतो आणि सगळ्यांच्या आधी वर पोचतो.

लक्षणं: डोकेदुखी, आणि तिच्यासोबत मळमळ, भूक मरणं, गळाल्यासारखं होणं, झोप न लागणं. एवढं असेल तर त्या रात्री वर जायचं नाही. पाणी, विश्रांती, डोकं दुखायला पॅरासिटामॉल. सकाळी बरं वाटलं तर पुढे, नाही तर खाली. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत, दोन्हींनी रात्रीचा श्वास मंदावतो.

यापुढची दोन लक्षणं जिवाची. एक, बसल्या जागी धाप, कोरडा खोकला, ओठ-नखं निळसर. दुसरं, तोल जाणं, बरळणं, गुंगी. तोल पाहायची सोपी रीत: जमिनीवर सरळ रेघ ओढा आणि टाचेला बोटं लावत दहा पावलं चालायला सांगा. तुमच्या भाषेत, तासातून, म्हणजे पिकाच्या ओळीतून, पाय बाहेर न टाकता चालणं. ज्याचा पाय रेघेबाहेर पडतो त्याला तेव्हाच खाली न्यायचं, रात्र असली तरी, सोबत माणूस देऊन. निदान ५०० ते १,००० मीटर. ‘सकाळी पाहू’ म्हणून थांबायचं नाही.

डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड, १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, चढाईच्या आदल्या दिवसापासून, अशी नेहमीची मात्रा. पण सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, ते औषधाचंच. तुमच्या आराखड्यात झोप ३,००० च्या वर जात नाही, तेव्हा सगळ्यांनी घ्यायलाच पाहिजे असं नाही. डॉक्टरांना विचारून पाकीट सोबत ठेवा.

आणि आपल्या भागासाठी एक खास. चौघांनीही जायच्या आधी सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात त्या आनुवंशिक आजाराची, तपासणी करून घ्या. विदर्भात हा आजार आणि त्याचे वाहक बरेच आहेत. सिकलसेलच्या रुग्णाने या उंचीवर जाऊ नये. वाहकाला, म्हणजे ज्याच्या रक्तात तो गुण आहे पण गावात कधीच त्रास झाला नाही त्याला, उंचीवर प्लीहेचा रक्तपुरवठा अडून डाव्या बरगडीखाली जोराची कळ येऊ शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी विद्राव्यता चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस. वाहक निघालात तर डॉक्टरांना विचारूनच ठरवा, आणि वर डावीकडे कळ आली तर ‘गॅस झाला’ म्हणू नका, खाली उतरा.

धुऱ्यावरचा

ताई, हे तर ध्यानातच नोतं. एकाच्या घरी हाये सिकलसेल. चौघंही तपासून घेतो.

गाविलगड

सामानाकडे येऊ. फवारणीच्या पंपाचा दाखला बरा दिला. १६ लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या आसपास भरतो, पण तो ओळी-ओळीने हलका होत जातो आणि सपाटीवर असतो. सॅक तशी नाही. तिचं वजन आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका. साठ किलोचा माणूस, बारा किलोची सॅक, पाण्यासकट. ५० ते ६० लिटरची सॅक पुरे. कमरेचा पट्टा हाडावर घट्ट बसला पाहिजे, भार खांद्यावर नाही तर कमरेवर. पंपासारखी खांद्यावर लटकवली तर दुसऱ्या दिवशी मान वळणार नाही.

ओसला गावात घरगुती मुक्काम मिळतो, जेवणासकट. कलकत्तीधारला मात्र तंबू लागतो. म्हणून सगळं ओझं स्वतः न्यायचं की सांकरीतून वाटाड्या आणि खेचर घ्यायचं, ते आत्ता ठरवा. पहिल्या खेपेला वाटाड्या घ्याच. तंबू, स्लीपिंग बॅग, बूट सांकरीत भाड्याने मिळतात. बूट सोडून बाकी तिथेच घ्या. बूट स्वतःचेच हवेत आणि निदान शंभर किलोमीटर चाललेले. नव्या बुटाने पहिल्याच उतारावर टाच सोलते. अर्धा ते एक नंबर मोठे घ्या, उतरताना बोटं पुढे आपटतात आणि नखं काळी पडतात.

स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात. ‘कम्फर्ट’ तेवढं पाहा, शून्य किंवा त्याखाली. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जीव वाचण्यापुरतं, झोप लागण्यापुरतं नव्हे. भाड्याच्या बॅगेत जुनं भरण दबलेलं असतं, म्हणून हातात दाबून फुगते का पाहा. खाली फोमची चटई नसेल तर कितीही भारी बॅग निरुपयोगी, थंडी जमिनीतून येते.

कपडे: अंगाला लागून पॉलिस्टरचं किंवा लोकरीचं, त्यावर फ्लीस, म्हणजे मऊ उबदार जाकीट, त्यावर वारा-पाऊस अडवणारं. सुती बनियन नको, जीन्स तर मुळीच नको. घामाने ओलं झालेलं सूत वाळत नाही आणि थांबलात की हुडहुडी भरते. तुम्ही ४४ अंशातून निघणार आणि तिसऱ्या रात्री शून्य-पाचाच्या आसपास झोपणार. दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी हवा गार होते हा ढोबळ हिशोब.

सॅकच्या आत एक जाड प्लास्टिकची पिशवी आणि सगळं सामान तिच्यात. बाहेरचं रेनकव्हर पाठीकडून पाणी अडवत नाही. खताच्या पोत्यातलं प्लास्टिक वापरायचा मोह होईल. तीन पाण्यांनी धुतलं तरी शिवणीत दाणे राहतात, ते ओले झाले की कपड्यांना लागतात आणि मानेला खाज सुटते. नवीन पिशवी घ्या, वीस-तीस रुपयांचा प्रश्न आहे.

सांबारवडी

मी फक्त खाण्यावर बोलेन. वर तूरदाळ न्यायची नाही. का, ते नीट समजून घ्या, कारण आपल्याकडचे सगळे तिथेच फसतात. दर तीनशे मीटरला पाण्याचा उकळबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. ३,००० मीटरवर पाणी ९० ला उकळतं. बुडबुडे येतात, वाफ येते, पण तूर शिजत नाही; दीड तास ठेवा, दाणा कच्चाच, आणि गॅस मात्र संपलेला. लहान कुकर नेलात तर प्रश्न मिटतो, पण त्याचं ओझं चौघांत कोण घेणार ते ठरवा. कुकर नसेल तर मूगदाळ किंवा मसूर, सकाळी बाटलीत भिजत घालून संध्याकाळी शिजवायची.

त्यापेक्षा न शिजवायचं खाणं न्या. जाडे पोहे भिजवून, वर शेंगदाणे आणि जवसाची चटणी. सातूचं पीठ गूळ घालून गार पाण्यातही कालवता येतं. फोडणीचे मुरमुरे, तिळाचे लाडू, शेंगदाणा-गूळ वाटेतल्या खिशात. एका माणसाला दिवसाला ६०० ते ७०० ग्रॅम कोरडं पुरतं. गाडीच्या प्रवासाला दुधात मळलेल्या दशम्या आणि तेलात परतलेला ठेचा, पाणी न लावलेला, तीन दिवस टिकतो. भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते. उंचीवर तिखट-तेलकट नको वाटतं, भूकच मरते, म्हणून एखादी आवडीची गोष्ट जरूर ठेवा. चौथ्या दिवशी लिंबाचं लोणचं कामी येतं.

गॅसचं: कॅनिस्टर (शेगडीला लावायचा गॅसचा छोटा डबा), रॉकेल, पेट्रोल यातलं काहीही रेल्वेत न्यायला बंदी आहे. डेहराडूनलाच घ्या. २३० ग्रॅमच्या डब्यात चौघांचं दोन दिवसांचं चहा-पोहे-खिचडी निघतं, बर्फ वितळवायचं नसेल तर. स्वस्त डब्यात नुसतं ब्युटेन असतं. ते शून्याच्या खाली वायू होत नाही, पहाटे शेगडी पेटतच नाही. डबा हलवून पाहिला तर आत द्रव आहे, पण ज्योत नाही. आयसोब्युटेन-प्रोपेन मिसळलेला घ्या आणि रात्री डबा स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवा.

पाटणबोरीकर

सांबारवडीताई, तूरदाळीशिवाय चार दिवस? वऱ्हाडी माणूस उंचीनं नाही, त्याच्यानंच आजारी पडन.

सांबारवडी

ओसल्याच्या घरात कुकर असतो. तिथं मागा. राजमा मिळेल, मुकाट्यानं खा.

मोटनाडा

हवामानावर दोन शब्द, कारण ‘मे म्हणजे सुरक्षित’ असं कोणी समजू नये. जून २०२४ च्या सुरुवातीला उत्तरकाशीतल्या सहस्रतालच्या वाटेवर हिमवादळात कर्नाटकचे ९ ट्रेकर गेले. ती वाट ४,००० च्या वरची होती, तुमची नाही; पण महिना उन्हाळ्याचाच. दिवाळीत जायचा विचार करणाऱ्यांसाठी: ऑक्टोबर २०२१ च्या मध्याला अचानक पाऊस-बर्फ झाला आणि लमखागा खिंडीच्या वाटेवर माणसं दगावली. मे मधला रोजचा धोका वेगळा. सकाळ निरभ्र, बारा-एकला ढग, दोन-तीनला गारा आणि विजा. म्हणून उघड्या कुरणातून दुपारी दोनच्या आत खाली. आपल्याकडे वीज कडाडली की आंब्याखाली जाऊ नये हे लहान पोरालाही ठाऊक असतं. तिथे एकट्या देवदाराखाली तंबू लावणारे दिसतात.

नैटवाडच्या वनचौकीवर गोविंद राष्ट्रीय उद्यानाची परवानगी घ्यावी लागते. आधारच्या झेरॉक्स चार-चार ठेवा. पैसे रोख, पुरोल्याच्या पुढे एटीएमवर भिस्त ठेवू नका. घरी आधीच सांगून ठेवा की १३ ते १६ फोन लागणार नाही, नाहीतर चौथ्या दिवशी गावात बोभाटा.

शौचाला पाण्यापासून साठ-सत्तर पावलं दूर, वीतभर खड्डा, वरून माती. प्लास्टिक परत आणायचं. आणि कुरणावर, म्हणजे तिकडच्या बुग्यालावर, तंबू लावायचा नाही. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली. कोणी आयोजक ‘बुग्यालावर कॅम्पिंग’ विकत असेल तर त्याला हे विचारा, उत्तरावरून माणूस कळतो.

गाविलगड

तयारीचं राहिलं. यवतमाळकडे डोंगर नाही असं म्हणू नका, धरणाची भिंत आहे. मातीच्या धरणाला पायऱ्या असतात. आठवडे आठ धरा. पहिले दोन रिकाम्या पाठीने, मग पाच किलो गहू सॅकमध्ये, शेवटचे तीन आठवडे दहा किलो. आठवड्यात चार दिवस पाऊण तास चढ-उतार. उतार जास्त करा. चढताना छाती भरते, पण गुडघा उतरताना जातो. मांडीच्या पुढच्या स्नायूला उताराची सवय नसेल तर १५ तारखेचा सतरा किलोमीटरचा दिवस रडवेल. एप्रिलमध्ये सकाळी सहाच्या आत उरकायचं, ऊन चढल्यावर नाही. शेवटी एक शनिवार-रविवार चिखलदऱ्याला जाऊन पूर्ण सॅकसह दोन दिवस लागोपाठ चाला. कोणाचा बूट चावतो, कोणाची सॅक घासते, ते तिथेच कळलं पाहिजे.

चालण्याचा वेग: बोलता आलं पाहिजे. वाक्य मधेच तुटत असेल तर वेग जास्त आहे. सगळ्यात हळू चालणारा पुढे, सगळ्यात काटक मागे.

बुग्याली

राखीव दिवसाचा एक उपयोग सांगून ठेवतो. १४ च्या रात्री कलकत्तीधारला कोणाला त्रास झाला तर १५ ला दोघं खाली ओसल्याला आणि वाटाड्यासोबत दोघं वर, अशी फूट पाडू नका. एकच वाटाड्या असेल तर सगळे खाली, ओसल्यात थांबा. बरं वाटलं तर १६ ला पहाटे ओसल्याहूनच हर की दून करून परत, बावीस-तेवीस किलोमीटर, जमणाऱ्यांनीच. १७ ला सांकरी. तारखा जुळतात. राखीव दिवस शेवटी ठेवला म्हणून हे शक्य होतं.

धुऱ्यावरचा

ठरलं. हर की दून. आठ दिवसांनी चौघंही सिकलसेलची तपासणी करतो, धरणाची भिंत सोमवारपासून. केदारकांठावाल्या भाऊची माफी. वाटाड्या एक घेतो, खेचर नाई, ओझं आमचं आम्ही नेतो. बूट याच हप्त्यात घेऊन टाकतो म्हंजे शंभर किलोमीटर होतीन. आता तिकिटाचं कोनी सांगन का? आमचा एक म्हणते चार महिने आधी निघते.

मोटनाडा

चार महिने जुनी गोष्ट झाली. नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी, प्रवासाचा दिवस धरायचा नाही. १० मेच्या नागपूर-दिल्लीसाठी ११ मार्च, १९ मेच्या दिल्ली-नागपूरसाठी २० मार्च, दोन्ही दिवशी सकाळी ८ वाजता. गाडी नागपूरच्या आधीच्या स्टेशनवरून सुटत असेल तर तारीख गाडीच्या सुटण्याच्या दिवसावरून मोजतात, म्हणजे चेन्नई-हैदराबादकडून येणाऱ्या गाडीला एक दिवस आधीही खिडकी उघडू शकते. मे मध्ये स्लीपर पंधरा-वीस मिनिटांत वेटिंगला जातं, म्हणून चौघांची नावं-वयं आदल्या रात्रीच भरून ठेवा. आणि परतीचं आधी पाहा. जायचं कसंही जमतं, १९ च्या गाडीचं नाही मिळालं तर वखरणी थांबते.